झावेनचं तोंड आणि माइकची दांडी

चित्रपटांच्या स्टुडिओंनी भरलेल्या आमच्या बरबँकमध्ये नुसतं पोटापाण्याचं काम करणारा माणूस शोधून सापडत नाही. न्हावी केस कापता कापता पटकथा लिहीत असतो, कुत्री फिरवणारी बाई निर्माती असते, आणि पिझ्झा घेऊन आलेला माणूस दारात उभा राहून तुमच्या हॉलमधला उजेड चांगला आहे असं सांगून जातो. चित्रपटवाल्यांना दिवे आणि केबली भाड्यानं देणाऱ्या एका कंपनीत मी हिशेब पाहतो. आयुष्य त्यातच गेलं, आता निवृत्ती दिसू लागली आहे. या काळात चित्रपट काढणारे जेवढे पाहिले, त्याहून ‘काढणार असलेले’ कितीतरी जास्त पाहिले, आणि या दुसऱ्या प्रकाराबद्दल मला काडीचीही सहानुभूती उरलेली नाही. त्या प्रकारात माझा शेजारी झावेन तेर्झियन याचा नंबर बराच वरचा.

झावेन दातांच्या प्रयोगशाळेत काम करतो. डॉक्टर साचा पाठवतात, त्यावरून तो कवळ्या आणि कॅप करतो. काम चांगलं करतो. माझ्या तोंडात त्याच्या हातचे दोन दात आहेत आणि त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्याच्या स्वतःच्या तोंडाबद्दल. हा माणूस उठल्यापासून झोपेपर्यंत लोकांना काय करायचं ते सांगत असतो. मी गाडी मागे घेत असलो की हा फुटपाथवरून हातवारे करतो. चर्चमध्ये पाद्री प्रवचन देत असले की शेजारच्याला पुढचं वाक्य सांगतो, आणि पाद्र्यांनी ते म्हटलं नाही तर मान हलवून नापसंती दाखवतो. त्याची बायको सिर्वार्त कपडे अल्टर करण्याचं दुकान चालवते. तिनं याला दुकानात पाय ठेवायची बंदी केली आहे, कारण हा गिऱ्हाइकांना वजन कमी करायला सांगायचा.

असा माणूस दिग्दर्शक व्हायचं ठरवणार नाही तर काय? पन्नाशी उलटल्यावर झावेननं ओक मेडो नावाच्या आमच्या कम्युनिटी कॉलेजात चित्रपटाच्या वर्गात नाव घातलं. तिथे प्रवेशपरीक्षा नाही. श्वास चालू असला की पुरे. दिवसा कामधंदा करून संध्याकाळी येणारी माणसं, घरच्यांनी दुसरं काही जमत नाही म्हणून पाठवलेली पोरं, आणि झावेनसारखे, ज्यांना शिकायचं नसतं, फक्त कॅमेरा हवा असतो. बड्या विद्यापीठांतल्या चित्रपट-शिक्षणाबद्दल मला याहून वाईट बोलायचं आहे, पण तो आजचा विषय नाही.

शेवटचा वर्ग निर्मितीचा. पेनहॅलो नावाचे एक मास्तर तो घेतात. जन्मभर दुसऱ्यांच्या चित्रपटांत कॅमेऱ्याच्या मागे राबलेला, कमी बोलणारा माणूस. त्यांच्या वर्गाची रीत साधी होती. प्रत्येकानं आपला एखाददुसरा छोटा चित्रपट करायचा, आणि बाकीच्या दिवशी इतरांच्या चित्रपटांवर राबायचं. कुणी दिवे लावायचे, कुणी कॅमेरा सांभाळायचा, कुणी माइकची लांब दांडी नटांच्या डोक्यावर धरून उभं राहायचं. पगार नाही. आज मी तुझ्याकडे, उद्या तू माझ्याकडे. माझ्या मते त्या कॉलेजात शिकण्यासारखं काही असेल तर एवढंच होतं, आणि नेमकं तेच झावेनला शिकायचं नव्हतं.

दांडी धरायला कुणालाच आवडत नाही. हात भरून येतात आणि चित्रपटात आपलं काहीच दिसत नाही. झावेन उंच, म्हणून ती दरवेळी त्याच्याकडे आली. पण दांडी धरली म्हणून दिग्दर्शन सोडेल तर तो झावेन कसला! टेक चालू असतानाच हा हळू आवाजात सूचना द्यायचा. आपण हळू बोललो म्हणजे ऐकू गेलं नाही, अशी त्याची समजूत. माइक त्याच्याच हातात होता, हे त्याच्या लक्षात येत नसे. शूटिंग आटोपलं की सगळ्यांनी मिनिटभर दगडासारखं उभं राहायचं असतं. रिकाम्या खोलीचा आवाज टिपून घेतात, पुढे संवादांमधल्या फटी बुजवायला तो लागतो. त्या मिनिटातही हा विचारायचा, “झालं का?”

वर्गात नेरेयदा ऑर्दास नावाची बाई होती. चाळिशीची, नो-पार्किंगमधल्या गाड्यांना दंडाच्या चिठ्ठ्या लावण्याची नोकरी. दिवसभर लोकांच्या शिव्या खाऊन तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलायची नाही. तिनं आपला पहिला छोटा चित्रपट स्वतःच्या आईच्या शेवटच्या दिवसावर केला होता. तो वर्गात दाखवला. पडद्यावर मुलगी हॉस्पिटलच्या खाटेजवळ येते, वाकते, म्हणते, “आई, मी आलेय गं.” आणि त्या शांततेत झावेनचा आवाज स्पष्ट ऐकू येतो, “आता रड. रड आता.”

वर्ग हसून हसून लोळला. नेरेयदा हसली नाही. हे मला झावेननंच सांगितलं, तेही तक्रारीच्या सुरात.

“माफी मागितलीस का?” मी विचारलं.

“कशाबद्दल? नुबार, तू तो सीन बघ. मी म्हटलं आणि ती पोरगी बरोब्बर त्याच क्षणी रडली! माझ्यामुळे सीन वाचला.”

त्याचा स्वतःचा चित्रपट मात्र कधीच तयार नसायचा. गालिच्यांच्या एका व्यापाऱ्याला सख्खा भाऊ फसवतो अशी गोष्ट होती, आणि तिच्यात रेल्वे स्टेशन, कोर्ट, वाळवंट आणि जळणारं गोदाम होतं. प्रत्येक सत्रात झावेन वर्गात नाव घालायचा, आणि संपत आलं की ‘कल्पना अजून पिकली नाही’ म्हणून नाव काढून घ्यायचा. शेवटी कॉलेजनं कळवलं, हे सत्र शेवटचं. या वेळी चित्रपट दिला तर प्रमाणपत्र मिळेल, नाहीतर यापुढे या वर्गात प्रवेश नाही आणि कॉलेजचा कॅमेराही नाही. इथवर गोष्ट झावेन आणि कॉलेज यांच्यात होती. पण यानं ईस्टरच्या कॉफीच्या वेळी चर्चच्या हॉलमध्ये उभं राहून सगळ्यांना सांगितलं, की उन्हाळ्यात याच हॉलमध्ये माझा चित्रपट दाखवणार. आमच्या आर्मेनियन मंडळींत एकदा असं बोलून गेलं की सुटका नाही. लग्नात, बारशात, मयतीला, जिथे भेटतील तिथे लोक विचारायला लागले, “काय झावेन जान, कधी?”

शूटिंगचा शनिवार उजाडला. गॅरेज माझं होतं, कारण झावेनच्या गॅरेजमध्ये पाय ठेवायला जागा नाही. रेल्वे स्टेशन आणि कोर्ट पुढच्या शनिवारी बघू असं झावेनचं म्हणणं, आज फक्त दोघे भाऊ गालिच्यांची वाटणी करतात तो सीन. गालिचे सिर्वार्तनं ओळखीच्यांकडून मागून आणले होते. तिनं आदल्या दिवसापासून रांधलं होतं. लहमाजूनच्या, म्हणजे खिमा थापलेल्या पातळ रोट्यांच्या चळती, द्राक्षाच्या पानांतले भाताचे रोल, चीज भरलेले खुसखुशीत बोरेक. येणाऱ्यांना उपाशी ठेवलं असं कुणी म्हणू नये, एवढीच तिची काळजी. झावेननं गळ्यात स्कार्फ गुंडाळला होता. एप्रिलातल्या त्या उन्हात.

सकाळी सातला सगळ्यांना बोलावलं होतं. आठ वाजले, कुणी आलं नाही. नट दोन्ही वर्गातलेच, तेही नाहीत. साडेआठला झावेन म्हणाला, “फ्रीवेवर अपघात झाला असणार.”

“दहा जणांचा?” सिर्वार्तनं विचारलं.

तेवढ्यात फोन वाजला. झावेन फोन नेहमी स्पीकरवरच घेतो, आपलं बोलणं लोकांनी ऐकावं म्हणून. त्यामुळे आम्हीही ऐकलं. नेरेयदा होती.

“झावेन, साउंडचा संच तुझ्याकडे आहे ना?”

“आहे. आणि तुम्ही सगळे आहात कुठे? सातला बोलावलं होतं!”

“इथे, व्हॅन नाइसमधल्या लाँड्रीत. माझ्या शूटिंगला.”

“आज माझं शूटिंग आहे!”

“माहितीय. दोघांचंही आजच होतं. ज्यानं त्यानं ठरवलं कुठे जायचं ते.”

मग नेरेयदाच म्हणाली, “मी आणलेला रेकॉर्डर मेलाय. चालूच होत नाही. तुझा लागेल.”

झावेनचा चेहरा उजळला. माणूस किती लवकर उजळतो ते पाहून मला वाईट वाटलं. “असं होय! मग या की सगळे इकडे. आधी माझा सीन, मग संच तुमचा.”

“लाँड्री मला दोनपर्यंतच दिलीय. तू इकडे ये. दांडी तूच धरायची, दुसरं कुणी मोकळं नाही. आणि जेवणाची सुट्टी होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. एकसुद्धा. काढलास तर तिथल्या तिथे घरी. नाही काढलास तर दुपारी ज्याला यायचं तो तुझ्याकडे येईल.”

“ज्याला यायचं तो म्हणजे?”

“म्हणजे ज्याला यायचं तो. मी कुणाला दोरी बांधून आणणार नाहीये.”

फोन बंद झाला. झावेननं स्कार्फ सैल केला. “बघितलंस? हा अपमान आहे. नुबार, तूच सांग, दिग्दर्शकानं जाऊन दुसऱ्याची दांडी धरायची?”

“दिग्दर्शक कुठाय?” मी विचारलं.

“तू असाच! आयुष्यभर नुसते आकडे बघितलेस, तुला काय कळणार?” तो सिर्वार्तकडे वळला. “मी जाणार नाही. त्यांना कळू दे.”

“काय कळू दे?” सिर्वार्त ताटं झाकत म्हणाली. “त्यांना कळलंय सगळं, म्हणून तर ते तिकडे आहेत. तुझं काय? परवा कॅमेरा परत द्यायचाय. चर्चमध्ये मी काय सांगू, गालिचा उडून गेला?”

“मी सांगेन, मी तत्त्वासाठी...”

“झावेन, माझ्या नवऱ्या, गाडीत बस. नुबार, तुमच्या डिकीत या ताटांना जागा आहे का? इथे ठेवून काय माझ्या म्हाताऱ्या सासूच्या फोटोला खायला घालू?”

माझ्या डिकीत जागा नेहमीच असते. आम्ही निघालो. वाटेभर झावेन बोलत होता. आधी कॉलेजच्या नावानं, मग पेनहॅलोंच्या नावानं, मग माझ्या गाडी चालवण्याबद्दल. लाँड्रीच्या दारात पोचल्यावर त्याचं म्हणणं असं झालं, की आपण संच देऊन उपकार करतो आहोत.

आत वर्गातली सगळी मंडळी होती. कुणी त्याच्याशी वाईट बोललं नाही, चांगलंही बोललं नाही. नेरेयदानं त्याच्या हातात दांडी दिली आणि ओठांवर बोट ठेवलं. तिच्या चित्रपटात एक बाई मशीनमधून नवऱ्याचे कपडे काढते आणि खिशात दुसऱ्या घराची किल्ली सापडते. एवढंच. ना वाळवंट, ना आग. मला ते बरं वाटलं, पण मला कुणी विचारलं नव्हतं.

“अ‍ॅक्शन,” नेरेयदा म्हणाली.

झावेन दांडी डोक्यावर धरून उभा होता. मी त्याला इतकी वर्षं ओळखतो, पण त्याचा चेहरा आवाजाशिवाय कधी पाहिला नव्हता. तो बंद तोंडानं बोलत होता. भुवया वर जायच्या, गाल फुगायचे, मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. नटीनं किल्ली उचलली तेव्हा त्याचे ओठ सुटले, आणि दाराजवळ उभी असलेली सिर्वार्त एवढ्या मोठ्यानं खाकरली की नेरेयदानं टेक थांबवला. पुन्हा टेक झाला. मग आणखी एक. त्याचे हात भरून आले, पण दांडी खाली आली नाही. एवढं मी कबूल करतो.

आणि मग गंमत झाली. जागा बदलून तोच सीन दुसऱ्या बाजूनं घ्यायला सुरुवात केली. नटीनं मधल्या वेळात गरम होतं म्हणून जाकिटाची चेन उघडली होती. आधीच्या टेकमध्ये ती गळ्यापर्यंत बंद होती. हे कुणाच्या लक्षात आलं नाही. झावेनच्या आलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला सांगण्यासारखं काहीतरी होतं, आणि त्याच दिवशी त्याच्या बोलण्यावर बंदी होती. तो लाल झाला. डोळे मोठे करून नटीच्या गळ्याकडे पाहायला लागला. ती बिचारी घाबरून मागे सरकली.

“कट. काय झालं?” नेरेयदानं विचारलं.

झावेननं ओठ घट्ट मिटले. दांडी एका हातात घेतली आणि दुसरा हात शाळेतल्या मुलासारखा वर केला. सगळे त्याच्याकडे बघायला लागले. नेरेयदानं त्याला तसाच थोडा वेळ उभा ठेवला. तिनं मुद्दाम ठेवला असं माझं मत आहे, आणि तिच्या जागी मी त्याहून जास्त वेळ ठेवला असता.

“बोल,” ती म्हणाली.

“चेन,” झावेन म्हणाला. फक्त एक शब्द. त्याच्या तोंडून एका वेळी एकच शब्द बाहेर पडलेला मी ऐकला नव्हता.

नेरेयदानं मागचा टेक कॅमेऱ्यावर पाहिला. नटीच्या जाकिटाची चेन स्वतः वर ओढली. आभार वगैरे मानले नाहीत. “दांडी वर,” एवढंच म्हणाली. शेवटी रिकाम्या लाँड्रीचा आवाज टिपायला सगळे मिनिटभर उभे राहिले. झावेनही.

जेवणाच्या सुट्टीला त्या मंडळींनी गार झालेल्या पिझ्झाची खोकी उघडली. सिर्वार्तनं ती बंद केली आणि आपली ताटं मांडली. मग जे झालं ते झालं. माणसं बोटं चाटून खात होती. जाकीटवाली नटी चौथा बोरेक उचलत म्हणाली, “संध्याकाळी पण असंच असतं का?”

“माझ्याकडे उरलेलं मटण आहे,” सिर्वार्त म्हणाली. “घरी.”

दुपारी त्यांतले निम्मे आमच्याकडे आले. झावेनला वाटलं ते त्याच्या कथेसाठी आले. येताना गाडीत तो मला म्हणालाही, “शेवटी चांगल्या कथेला माणसं येतातच.” मी आरशात पाहिलं, मागच्या सीटवर चाटूनपुसून रिकामी झालेली ताटं मांडीवर धरून सिर्वार्त बसली होती.

भाऊ करणारे दोन्ही नट काही आलेल्यांत नव्हते. जाकीटवाली नटी होती.

“धाकट्याच्या जागी हिला घे,” नेरेयदा म्हणाली.

“पण तो भाऊ आहे! सख्खा भाऊ! सगळी कथा त्यावर उभी आहे!”

“आता बहीण आहे. उजेड जायच्या आत घेतलंस तर सीन आहे, नाहीतर तोही नाही.”

मोठ्या भावाचं काम झावेनलाच करावं लागलं. या वेळी दांडी नेरेयदानं धरली. तो सूचना देत असेपर्यंत ती रेकॉर्डर चालूच करत नसे. नुसती उभी राहायची आणि खिडकीकडे बघायची, जिथून ऊन हळूहळू उतरत होतं. झावेन बोलत राहायचा, मग त्याचंही लक्ष उन्हाकडे जायचं आणि तो गप्प व्हायचा. असं बरेचदा झालं. शेवटी उजेड संपायच्या जरा आधी एक टेक मिळाला. गालिच्याची दोन टोकं धरून भाऊ-बहीण उभे आहेत, आणि भाऊ आपलं टोक सोडून देतो. संवाद पाठ होते, पण त्यांतले निम्मे तो विसरला. त्यामुळे सीन बरा झाला.

पुढचा शनिवार आलाच नाही. कॅमेरा परत गेला, स्टेशन, कोर्ट आणि जळणारं गोदाम झावेनच्या डोक्यातच राहिलं, आणि चित्रपट म्हणून तो एक सीन जमा झाला. सत्राच्या शेवटी कॉलेजच्या छोट्या थिएटरात सगळे चित्रपट दाखवले. झावेनचा संपल्यावर दिवे लागले. पेनहॅलो प्रत्येकाबद्दल एखादं वाक्य बोलत होते. झावेनबद्दल म्हणाले, “आवाज स्वच्छ आहे.” आणि पुढच्याकडे वळले.

झावेन पार्किंगमध्ये भडकला. “एवढी माझी दृष्टी, आणि याला फक्त आवाज दिसला!”

“पास झालास ना?” सिर्वार्तनं विचारलं.

पास झाला होता. काठावर. चर्चच्या हॉलमध्ये चित्रपट दाखवला तेव्हा तो संपला हे न कळून लोक तसेच बसून राहिले. मग एका म्हाताऱ्यानं विचारलं, “आणि गालिचा कुणाला मिळाला?” झावेननं उत्तर द्यायला सुरुवात केली आणि ते उत्तर चित्रपटापेक्षा लांब झालं. लोक कॉफी प्यायला निघून गेले. आमच्याच एका ओळखीच्या बाईंचा मुलगा त्या कॉलेजात जायचं म्हणतो आहे. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, काही उपयोग आहे का हो? मी म्हटलं, दिग्दर्शक व्हायला जात असेल तर पाठवू नका. दुसऱ्यासाठी सबंध दिवस तोंड बंद ठेवून उभं राहायला जात असेल तर पाठवा, ते त्याला घरी शिकवता येणार नाही. बाईंना उत्तर आवडलं नाही. त्यांना मी झावेनवर जळतो असं वाटलं.

प्रमाणपत्र मिळालं, म्हणून झावेनला त्या वर्गात आता प्रवेश नाही. पण नेरेयदा नवा चित्रपट करते आहे, शनिवारच्या शनिवारी, आणि दांडीसाठी तिच्याकडे कुणी नाही. परवा सकाळी मी झाडांना पाणी घालत होतो तेव्हा ती गाडी घेऊन आली. झावेन स्कार्फ न गुंडाळता बाहेर पडला, दांडी डिकीत आडवी बसवली, आणि पुढच्या सीटवर बसता बसताच सुरू झाला. या रस्त्यानं जाऊ नकोस, त्या सिग्नलला फार वेळ लागतो, आरसा नीट कर.

“रोज सहन कसं करता?” नेरेयदानं खिडकीतून दारात उभ्या सिर्वार्तला विचारलं.

“तुम्हीच उतरवा ना वाटेत.”

“बोलू दे,” नेरेयदा गाडी चालू करत म्हणाली. “दांडी वर गेली की बंद होतो.”

गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत झावेनचा आवाज ऐकू येत होता.